रविवार, साडेचार ते सहा

कोर्टाचा हुकूम दोन पानी होता आणि त्यातली एकच ओळ ऊर्मीच्या वडिलांकडच्या आजीने, विद्युलताबाईंनी, नीट वाचली. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा वाजता मांबलम स्टेशनवर मुलगी बापाच्या ताब्यात द्यायची आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता तिथेच आईच्या ताब्यात परत करायची. त्यांनी चष्मा काढला आणि कोर्टाच्या जिन्यातच वकिलांना गाठलं. शनिवारचा राहूकाळ नऊ ते साडेदहा, रविवारचा साडेचार ते सहा, तेव्हा जजसाहेबांनी शोधून शोधून दोन्ही वेळा राहूकाळातल्या काढल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. वकील म्हणाले, अम्मा, अपिलात हा मुद्दा घेता येत नाही. त्यांचे स्वतःचे उरलेले कागद मात्र ते त्या दिवशीचा राहूकाळ टळल्यावरच दाखल करायला गेले.

हे मार्च २००८ मध्ये झालं. सप्टेंबरपर्यंत आठ वर्षांच्या ऊर्मीचे अकरा शनिवार-रविवार बापाकडे झाले आणि अकराही रविवारी ती मांबलम स्टेशनवर सहा वाजून दहा-बारा मिनिटांनी पोचली. ऊर्मीचा बाप कौशिक राहत होता त्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमधून राहूकाळात बाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम कौशिकच्या जन्माच्या आधीपासूनचा होता. कौशिकचे वडील तो सदतीस वर्षं पाळत होते आणि गेले तेही अगदी चांगल्या मुहूर्तावर. तिकडे स्टेशनवर ऊर्मीचे आईकडचे आजोबा उमाकांत, आवडी या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यातून तपासणी विभागात निवृत्त झालेले, पावणेपाचपासून बाकावर बसून असत. आवडीहून सेंट्रल, तिथून रस्ता ओलांडून पार्क स्टेशन, पार्कहून मांबलम, एवढा प्रवास करून ते कधी पाच मिनिटंही उशिरा आले नव्हते. ऊर्मी आली की ते घड्याळ बघत आणि खिशातल्या डायरीत वेळ लिहीत.

त्या डायरीवरून ऊर्मीची आई चारुलता हिने अर्ज केला. बाप वेळ पाळत नाही, तेव्हा रात्रीचा मुक्काम रद्द करावा आणि त्याने महिन्यातून दोनदा, दोन तास, कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत समुपदेशकांसमोर मुलीला भेटावं. सुनावणी बुधवारी होती.

शनिवारची रात्र ही कौशिकला आयुष्यात भांडून मिळालेली एकमेव गोष्ट होती आणि तीसुद्धा त्याच्या वतीने वकील भांडला होता. त्या रात्री विशेष काही होत नसे. ऊर्मी दोशाचे तुकडे साखरेत बुडवून खायची, एक गोष्ट अर्धी ऐकून झोपायची. पण रविवारी सकाळी तो उठायचा तेव्हा ती घरात असायची. बाकीच्या दिवशी नसायची. एवढ्यासाठीच त्याला ती रात्र हवी होती, आणि ती जाणार या विचाराने बँकेत त्याच्या हातून दोनदा एकाच चेकवर शिक्का पडला होता.

सुनावणीच्या आधी घरातल्या घरात मिटवू या, असं पद्मनाभकाकांनी ठरवलं. काका म्हणजे कौशिकच्या वडिलांचे थोरले भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. दहा वर्षांपूर्वी हे लग्नही त्यांनीच जमवलं होतं. दोन्ही घरं मराठी, हे त्यांचं मुख्य कारण होतं. कौशिकचं घराणं तंजावरचं, तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरलेलं. उमाकांतराव नोकरीसाठी साताऱ्याहून आवडीला आलेले. पहिल्या भेटीत विद्युलताबाई ‘येऊन बैसा’ म्हणाल्या तेव्हा उमाकांतरावांना बखरीतलं कोणीतरी बोलतंय असं वाटलं होतं, आणि ते जे बोलले त्यातलं निम्मं विद्युलताबाईंना कळलं नव्हतं. काकांच्या मते हे सगळं किरकोळ होतं.

बैठक रविवारी तीन वाजता ठरली. साडेचारच्या आत संपेल आणि मुलगी वेळेवर निघेल, असा काकांचा हिशेब होता.

*

दोन वर्षांनी सून या घरात येत होती, म्हणून विद्युलताबाईंनी बोंडे तळले आणि मग ते फार झाल्यासारखे वाटून निम्मे झाकून ठेवले. चारुलता आली ती बापाच्या मागून. चपला तिने कोपऱ्यात, पूर्वी काढायची तिथेच काढल्या, पण बसली पाहुण्यांच्या वेताच्या खुर्चीत. विद्युलताबाईंना ते आवडलं नाही. ती थेट स्वयंपाकघरात आली असती तर तेही आवडलं नसतं.

ऊर्मी धावत येऊन आजोबांच्या गळ्यात पडली. “आजोबा, तुम्ही इकडे कसे? आज स्टेशन नाही?”

“आहे. पाचला.” उमाकांतराव म्हणाले.

“कण्णा, तू आत जाऊन चित्र काढ,” विद्युलताबाईंनी तिला लाडाने सांगितलं. ऊर्मी आत गेली आणि दार अर्धवट उघडं ठेवून बसली. मोठ्यांच्या बोलण्यात आपलं नाव किती वेळा येतं, हे ती अलीकडे मोजायची.

काकांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला आणि घसा साफ केला. “हे पाहा, मुलगी दोघांचीही. तिला कोर्टाच्या खोलीत बापाला भेटवणं शोभतं का? सूनबाई...” ते थबकले. “चारुलता, तूच सांग.”

“नाही शोभत,” चारुलता म्हणाली.

सुरुवातीलाच होकार आल्यामुळे काकांची पंचाईत झाली. त्यांनी वीस मिनिटांचं बोलणं तयार करून आणलं होतं. त्यांनी ते तरीही केलं.

ते संपल्यावर चारुलता शांतपणे म्हणाली, “काका, माझी रात्रीबद्दल काहीच तक्रार नाही. ऊर्मी इथे मजेत राहते. माझं म्हणणं एवढंच, की पाच म्हणजे पाच. अकरा वेळा माझे वडील तास तास फलाटावर बसलेत. त्यांचं वय एकोणसत्तर आहे.”

“बसायला बाक आहे की तिथे,” विद्युलताबाई म्हणाल्या.

“अम्मा,” कौशिक म्हणाला. तो आतापर्यंत बोललेला हा पहिला शब्द होता आणि त्याच्यापुढे काही आलं नाही.

चारुलताने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आठ वर्षं एका घरात राहून तिला ‘अम्मा’नंतरची ती शांतता पाठ झाली होती. तिला या माणसाचा राग कधी फार आला नाही, कारण रागवायला समोर कोणीतरी लागतं.

“माझं ऐका,” काका म्हणाले. “हुकमात पाचाचं सव्वासहा करून घेऊ. दोघं मिळून अर्ज द्या. राहूकाळ टळतो, रात्र राहते, प्रश्न मिटला.”

“आणि आम्ही आवडीला पोचायचं आठला,” उमाकांतराव म्हणाले. “सोमवारी तिची शाळा असते. हुकूम हा हुकूम असतो हो. आमच्या कारखान्यात भोंगा झाला की फाटक बंद. राहू आला म्हणून भोंगा थांबला नाही कधी.”

“तुमच्या कारखान्यात रणगाडे होतात. इथे लेकरू आहे.” विद्युलताबाईंनी पुन्हा कॉफी टाकायला उठता उठता ऐकवलं.

यावर काकांनी बाजू घेतली ती भावजयीची नव्हे, व्याह्यांची. कोर्टाचा मान राखायला हवा, असं ते म्हणाले. मग कॉफी आली आणि ती चांगली झालेली असल्यामुळे त्यांनी परंपरेचाही मान राखायला हवा असं म्हटलं. कोणी त्यांना विचारलं असतं तर दोन्ही त्यांना मनापासून वाटत होतं. त्या विषयावर ते बराच वेळ बोलत राहिले, आणि थांबून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तेव्हा चार वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

“अय्यो,” काका म्हणाले. “लागला की राहूकाळ. आता सहापर्यंत कोणालाच हलता येणार नाही.”

*

उमाकांतरावांना बाकी काही बोलता येत नसलं तरी तक्ता वाचता येत असे. तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. बाराव्या रविवारची नोंद कशी करावी या विचारात त्यांनी डायरी उघडली. मुलीची आई आणि आजोबा याच खोलीत बसलेले असताना मुलगी उशिरा आली म्हणायचं की नाही? हुकमात जागा मांबलम स्टेशन आहे. म्हणजे ताबा घ्यायला आपल्याला उठून स्टेशनवर जावं लागेल आणि तिथे मुलीची वाट बघावी लागेल. ते त्यांना विचित्र वाटलं, पण चुकीचं वाटलं नाही.

पान उलटताना त्यांची नजर डावीकडच्या रकान्यावर गेली. सवयीने ते शनिवारच्याही वेळा लिहीत असत. तो रकाना वकिलांना दाखवावा असं कधी वाटलं नव्हतं, कारण त्यात तक्रारीसारखं काहीच नव्हतं. नऊ चाळीस. नऊ पंचेचाळीस. नऊ पस्तीस.

“काका,” ते म्हणाले, “शनिवारचा राहूकाळ किती ते किती?”

असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला काका कायम तयार असत. “नऊ ते साडेदहा. सोमवारी साडेसात ते नऊ, मंगळवारी दुपारी तीन ते...”

“शनिवारचाच पुरे.” उमाकांतरावांनी डायरीतून मान वर केली नाही. “शनिवारी मुलगी घ्यायला तुम्ही दोघं दहाच्या आत येता. अकरा वेळा आलात. सगळ्यात लवकर नऊ पस्तीसला. म्हणजे घरून सव्वानऊला निघालात.”

काकांनी मनातल्या मनात एक वजाबाकी केली आणि भावजयीकडे पाहिलं.

“घरी येणाऱ्या लेकराला कसला आलाय राहूकाळ,” विद्युलताबाई म्हणाल्या.

“लेकरू येतं. पण तुम्ही निघता ना?”

“आम्ही... कौशिक निघतो. मी आपली त्याच्याबरोबर.”

आता सगळ्यांनी कौशिककडे पाहिलं. शनिवारी सकाळी आई आठ वाजल्यापासून तयार होऊन बसते, हे त्याला ठाऊक होतं. पहिल्या शनिवारी त्याने स्वतःच विचारलं होतं, अम्मा, राहूकाळ? ती म्हणाली होती, चल रे, गाडी लवकर आली म्हणजे? त्यावर त्याने पुढे काही विचारलं नव्हतं. न विचारणं हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव होता आणि त्यामुळे त्याचं बरंच काही वाचलं होतं आणि त्याहून जास्त गेलं होतं. आता शनिवारची रात्रही जायची वेळ आली होती.

“अम्मा,” तो म्हणाला, आणि या वेळी पुढे बोलला. “सांगून टाक.”

विद्युलताबाई खाली बसल्या. हातातली पळी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून ती त्यांनी मांडीवर ठेवली.

“काय सांगू? एक तास जास्ती मिळतो.” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवसांत एक तास. त्या तासात मी तिचे केस विंचरते. पाचला धाडायचं तर चारलाच तिच्या सामानामागे लागावं लागतं. चोरलाच मी तो तास. राहूकाळ म्हटलं की कोणी उलटून विचारत नाही.” त्यांनी नाक पुसलं. “मला फार आवडते ती. कोर्टात हे कोठे लिहितात, मला ठाऊक नाही.”

उमाकांतरावांनी डायरी मिटली. समोरच्या बाईबद्दल आपल्याला कणव वाटतेय याचं त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांच्या घरी ऊर्मी रोज असते, आणि तरीही रविवारी बाकावर बसून ते तिची वाट बघत तेव्हा त्यांना तो तास फार लांब वाटायचा. दोन तासांची खोली काही बरी नव्हे, असं ते चारूला घरी गेल्यावर सांगणार होते.

पण चारुलता खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

“आणि माझी आई गेली त्या रविवारी?” तिने विचारलं. “तेव्हा कुठला तास हवा होता तुम्हाला?”

उमाकांतरावांना समजेना. “तेव्हाचं काय? तेव्हा तुमची गाडी रखडली होती ना?”

“नाही बाबा,” चारुलता म्हणाली. “गाडी रखडली नव्हती. तुमचा फोन आला तेव्हा पावणेपाच वाजले होते. ऊर्मीला मी दुपट्यात गुंडाळलं होतं. कौशिक बूट घालून दारात उभा होता. सासूबाईंनी सांगितलं, सहानंतर निघा, आजाऱ्याकडे राहूकाळात जाऊ नये, तिचंच वाईट होईल. हा बसला आणि बूट काढले. आम्ही हॉस्पिटलमध्ये आठला पोचलो. आई सातपर्यंत शुद्धीवर होती, तुम्हीच सांगितलंत. तुम्ही तेव्हा एवढे खचला होतात, की मी म्हटलं, गाडी रखडली.”

आठ वर्षं उमाकांतराव रेल्वेला दोष देत होते.

“तो दिवस खरा पाळला होता मी,” विद्युलताबाई हळू म्हणाल्या. “खोटं नव्हतं त्यात. तेव्हा मी मानत होते गं. तुझ्या आईचं बरं व्हावं म्हणूनच सांगितलं. आणि ती गेली, तेव्हापासून मानणं संपलं.” थोडं थांबून त्यांनी आणखी एक वाक्य म्हटलं, जे न म्हटलं तरी चाललं असतं. “तुला सांगायचं होतं. तू सहा वर्षं इथेच होतीस, पण धीर झाला नाही.”

काकांनी या प्रसंगासाठी काहीच तयार करून आणलं नव्हतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

उमाकांतराव उठले. जावई, मुलगी, विहीण कोणाकडेही न बघता त्यांनी चपला घातल्या. “चल चारू. पाच वाजता स्टेशनवर.”

चारुलता त्यांच्या मागे गेली. जाताना ती आतल्या खोलीत डोकावली, “ऊर्मी, स्टेशनवर भेटू,” म्हणाली आणि दार लोटून घेतलं. कौशिककडे बघायचं तिने टाळलं. बघून काही होत नाही, हे ती फार पूर्वी शिकली होती.

*

चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. चालत स्टेशन बारा मिनिटं.

कौशिक उभा होता. आता पाऊल टाकलं तर आईच्या डोळ्यांदेखत तिचा नियम मोडणार, आणि तो नियम तिनेच मोडीत काढला आहे हे पाच मिनिटांपूर्वी कळूनही तो जागचा हलला नव्हता. नियम खोटा ठरला तरी सवय कुठे खोटी ठरते? शनिवारची रात्र त्याच्या डोळ्यांसमोर आली. मग, का कोण जाणे, त्याला दुपट्यात गुंडाळलेली तीन महिन्यांची ऊर्मी आठवली आणि दारात उभी असलेली चारुलता आठवली. तेव्हा ती काही बोलली नव्हती. नुसती बघत होती, आता हा काय करतो.

त्याला स्वतःची लाज वाटली.

“ऊर्मी,” त्याने हाक मारली. “चल.”

ती दप्तर पाठीला लावूनच बाहेर आली. “अप्पा, पण राहूकालम्?”

“हो.”

“मग?”

“मग काही नाही. चल.”

विद्युलताबाई उठून दारापर्यंत आल्या. “सहा वाजू दे की,” त्या म्हणाल्या. आता त्यात राहू नव्हता, काही नव्हतं, नुसती विनवणी होती.

“नाही अम्मा,” कौशिक म्हणाला. “जाऊन येतो.”

त्या बाजूला झाल्या. ऊर्मीने वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि वेणी घालायची राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. एरवी ती त्या पाच ते सहाच्या दरम्यान घालायच्या. काकांनी, जणू अजूनही बैठक चालू होती, भावजयीकडे कोरी कॉफी मागितली.

फलाटावर कौशिक चार सत्तावन्नला पोचला. त्याला धाप लागली होती. शर्ट पाठीला चिकटला होता. उमाकांतराव बाकावर बसलेले होते आणि चारुलता उभी होती, तिचं तोंड जिन्याच्या विरुद्ध बाजूला. आज सहा दहा होणार, अशा तयारीने ती उभी होती. ऊर्मीने मागून तिची ओढणी ओढली.

चारुलता वळली. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग स्टेशनच्या घड्याळाकडे, आणि मग बऱ्याच दिवसांनी नवऱ्याकडे. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला रडू येण्यासारखा राग, कारण हे जमत होतं तर. पंधरा मिनिटांचं काम होतं. उठायचं, नाही म्हणायचं आणि बारा मिनिटं चालायचं.

“पाच म्हणजे पाच,” कौशिक म्हणाला. त्याला आणखी काही सुचलं नाही.

“हो,” चारुलता म्हणाली.

पार्ककडे जाणारी गाडी आली. ऊर्मी आजोबांना खिडकीजवळ ढकलत आत गेली. कौशिक गाडी हलेपर्यंत उभा राहिला. मुलीला परत देऊन त्याला इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं आणि इतकं हलकंही.

बुधवारी चारुलताने अर्ज मागे घेतला. शनिवारची रात्र कायम राहिली. अर्ज मागे घेण्याचं कारण कागदावर लिहावं लागतं, म्हणून तिच्या वकिलांनी कोर्टाच्या व्हरांड्यातच ते लिहून काढलं आणि तिला वाचून दाखवलं: प्रतिवादीने वेळ पाळण्यास सुरुवात केली आहे. चारुलताने ते दोनदा वाचलं आणि सही केली. मग पेन परत न देता तिने विचारलं, की त्या वाक्यात ‘आठ वर्षं उशिराने’ एवढे तीन शब्द घालता येतील का.

तसं घालता येत नाही, असं वकील म्हणाले.